‘हिप्पी’ हा शब्द कुठून आला, आणि कोण कोणाला हिप्पी म्हणत होतं?

प्रश्न असा आहे: ‘हिप्पी’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो कुठून आला, कमरेच्या ‘हिप’शी त्याचं काही नातं आहे का, आणि गोव्यात दिसणारे लांब केसांचे गोरे म्हणजे अमेरिकेतले हिप्पीच का? इंग्रजी-मराठी कोशासाठी शब्दांच्या नोंदी तयार करणं हे माझं काम, आणि त्या कामात हा शब्द अनेकदा समोर आला आहे. त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो.

आधी सरळ उत्तर. अमेरिकी बोलीत ‘हिप’ नावाचं एक विशेषण आहे. आतल्या गोष्टी ठाऊक असलेला, जाणता, काय चाललंय ते चटकन ओळखणारा असा त्याचा अर्थ. त्याला ‘ई’ हा प्रत्यय लागून ‘हिप्पी’ झाला. शरीराच्या अवयवाचा ‘हिप’ हा निराळा शब्द. उच्चार एक असला तरी दोघांना जोडणारा भरवशाचा पुरावा सापडलेला नाही. जुन्या इंग्रजीत आणखी एक ‘हिप्ड’ भेटतो, ‘उदास, खिन्न’ या अर्थाचा. तो ‘हायपोकॉन्ड्रिया’ या आजाराच्या नावावरून आला, त्याचाही इथे संबंध नाही.

पण व्युत्पत्ती कळली म्हणून शब्द कळला असं होत नाही, आणि या शब्दाच्या बाबतीत तर मुळीच नाही. ज्यांना जगाने हिप्पी म्हटलं, त्यांतल्या बहुतेकांनी ते नाव स्वतः घेतलेलं नव्हतं. आधी त्यांच्याहून जुन्या मंडळींनी ते हिणवण्यासाठी वापरलं, मग वर्तमानपत्रांनी चिकटवलं, मग साऱ्या जगाने उचललं. म्हणून हा शब्द कुठेही वाचताना तो कोणाच्या तोंडी आहे हे आधी पाहायचं. अर्थ त्यावर ठरतो.

आता ‘हिप’बद्दल. जॉर्ज व्ही. होबार्ट यांच्या १९०४ सालच्या एका पुस्तकात, गावोगाव फिरून खेळ करणाऱ्या नाटकवाल्यांच्या गोष्टीत, एक पात्र बोलता बोलता दुसऱ्याला विचारतं, ‘आर यू हिप?’ म्हणजे ‘ध्यानात आलं ना?’ जवळपास त्याच काळात ‘हेप’ हे रूपही त्याच अर्थाने छापलेलं सापडतं. या दोन्ही रूपांच्या मागे गेलं की वाट संपते आणि कथा सुरू होतात.

एक कथा १९१४ साली निघालेल्या गुन्हेगारी बोलीच्या एका छोट्या कोशात आहे: सिनसिनाटी शहरात म्हणे हेप नावाचा एक गुप्तहेर होता, आणि सगळं ठाऊक असलेल्या माणसाला त्याच्यावरून ‘हेप’ म्हणू लागले. अशा व्यक्तिनामांच्या कथांकडे कोशकार सहसा संशयाने पाहतात. शब्द आधी असतो आणि माणूस मागाहून शोधला जातो. दुसरी कथा अफूच्या अड्ड्यांची. अफू ओढणारे कुशीवर, म्हणजे ‘हिप’वर पडून असत, म्हणून त्या गोटातला तो ‘हिप’. ऐकायला ही कथा पटते, पण १९०४ चं ‘आर यू हिप?’ नाटकवाल्यांच्या गप्पांमधलं आहे, तिथे अफूचा मागमूस नाही.

तिसरी कथा सगळ्यांत जास्त पसरलेली, आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं. साठच्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड डाल्बी या ब्रिटिश भाषाभ्यासकाने सुचवलं की ‘हिप’चं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या, सेनेगलच्या बाजूला बोलल्या जाणाऱ्या वोलोफ भाषेत आहे. त्या भाषेत ‘डोळे उघडणे’ या अर्थाचा ‘हिपी’सारखा शब्द आहे. अर्थ किती चपखल बसतो पाहा: ज्याचे डोळे उघडले तो हिप. पुढे अनेक लेखांनी आणि काही कोशांनीही ही व्युत्पत्ती जवळजवळ सिद्ध झाल्यासारखी दिली. आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्या माणसांनी अमेरिकी इंग्रजीला काय काय दिलं याची नोंद करण्यात तिथल्या विद्वानांनी फार दिवस कुचराई केली. त्यामुळे ही व्युत्पत्ती खरी निघावी असं मलाही मनापासून वाटतं.

पण वाटणं आणि पुरावा वेगळे. जेसी शाइडलोअर या अमेरिकी कोशकाराने तिच्यावरचे आक्षेप नीट मांडले आहेत. त्यांतला मला सर्वांत वजनदार वाटतो तो काळाच्या अंतराचा. आफ्रिकेतून गुलाम आणणं अमेरिकेत १८०८ मध्ये कायद्याने बंद झालं. ‘हिप’ छापात येतो तो जवळपास शंभर वर्षांनी. मधल्या काळात गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या आठवणी, गाणी, प्रवाशांच्या नोंदी असं पुष्कळ लेखन आहे आणि त्यात या अर्थाच्या ‘हिप’चा पत्ता नाही. शिवाय वोलोफ शब्दाचा पहिला उच्चार आपल्या ‘ह’पेक्षा ‘ख’च्या जवळचा आहे. आणि ‘हेप’ हे रूप कसं झालं याचंही उत्तर मिळत नाही. म्हणून मी नोंदीत ‘मूळ अनिश्चित’ असंच लिहितो. वाचकांना हे अपुरं वाटतं, पण चुकीचं पूर्ण उत्तर देण्यापेक्षा हे बरं.

विसाव्या शतकात मात्र या शब्दाला कोणी वाढवलं याबद्दल शंका नाही. कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतकारांनी, जॅझच्या जगाने. तीसच्या दशकात जॅझच्या दर्दी माणसाला ‘हेपकॅट’ म्हणत. न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबचा बँडप्रमुख कॅब कॅलोवे याने १९३८ मध्ये या बोलीचा एक छोटा कोशच काढला, ‘हेपस्टर्स डिक्शनरी’ नावाचा. कोश निघाला म्हणजे शब्द बाहेरच्यांच्या हाती पडला. चाळीसच्या दशकात आतल्या मंडळींच्या तोंडी ‘हेप’ मागे पडून ‘हिप’ रुळला होता, आणि जो ‘हेप’ म्हणे तो जुनाट, बाहेरचा ठरे. याच सुमाराला ‘हिपस्टर’ आला: जॅझ ऐकणारा, रात्री जागणारा, चाकोरी सोडून राहणारा माणूस. १९५७ मध्ये अमेरिकी लेखक नॉर्मन मेलर यांनी एका गाजलेल्या निबंधात असं मांडलं की गोरा हिपस्टर हा कृष्णवर्णीयांच्या जगण्याची नक्कल करून जगणारा माणूस. या निबंधावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांनी तर मेलरना खडे बोल सुनावले. पण गोरी तरुण मुलं कोणाची भाषा उसनी घेत होती हे त्यातून उघड झालं.

आता त्या ‘ई’ प्रत्ययाबद्दल. इंग्रजीत तो शब्दाला लहान करतो, कधी लाडाने, कधी तुच्छतेने. मराठीत ‘कवी’चा ‘कवडा’ केला की जे होतं, तेच ‘हिप’चा ‘हिप्पी’ केल्यावर झालं. खरा जाणता तो हिपस्टर. त्याच्या मागे मागे फिरणारा, कपडे आणि बोलणं उचलणारा, पण आतून कोरा असा पोरगा तो हिप्पी. पन्नासच्या दशकातल्या छापील वापरांत हीच छटा आहे. कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय वस्तीच्या आठवणी आहेत. चाळीसच्या दशकात तिथे येणाऱ्या, आणि कृष्णवर्णीयांहूनही अधिक कृष्णवर्णीय असल्यासारखं वागणाऱ्या, काही तरुण गोऱ्यांना ‘हिप्पी’ म्हणत, असं त्यांनी सांगितलं आहे. अर्थात ही आठवण वीस वर्षांनंतर सांगितलेली आहे, म्हणून मी तिला चाळीसच्या दशकाचा पक्का पुरावा मानत नाही. तरी अर्थाची दिशा ती बरोबर दाखवते.

मधल्या काळात हा शब्द नुसता ‘फॅशनेबल तरुण’ या सौम्य अर्थानेही फिरत होता. १९६३ मध्ये फिलाडेल्फियाच्या साउथ स्ट्रीटवरचं एक नाचाचं गाणं अमेरिकेत खूप वाजलं. त्यात हिप्पी कुठे भेटतात असा प्रश्न आहे. त्या हिप्पींना ना लांब केस होते ना युद्धाचा निषेध करायचा होता. शब्दांचा इतिहास शिकणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून देतो. आज डोळ्यांसमोर येणारं चित्र तेव्हाच्या वाक्यात घातलं की घोटाळा होतो.

ते चित्र सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालं. त्याच्या आधी तिथे ‘बीट’ म्हणून ओळखली जाणारी, चाकोरी नाकारणारी लेखक-कवी मंडळी होती: ॲलन गिन्सबर्ग, जॅक केरुआक आणि त्यांचा गोतावळा. नॉर्थ बीच या भागात त्यांचे कॅफे आणि पुस्तकांची दुकानं. २ एप्रिल १९५८ रोजी ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’चे स्तंभलेखक हर्ब केन यांनी त्यांना ‘बीटनिक’ म्हटलं. काही महिन्यांपूर्वीच रशियाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला होता, त्यातला ‘निक’ त्यांनी उचलला. नाव पडलं आणि बीटनिक बघायला पर्यटक येऊ लागले. भाडी वाढली. कवी, विद्यार्थी आणि फाटक्या खिशाचे कलाकार शहराच्या दुसऱ्या भागात, हाइट-ॲशबरीत जाऊ लागले. तिथे व्हिक्टोरियन काळातली जुनी लाकडी घरं होती, मोठी आणि स्वस्त. एकेका घरात अनेक जण मिळून राहू शकत.

५ सप्टेंबर १९६५ च्या ‘सॅन फ्रान्सिस्को एक्झामिनर’मध्ये मायकेल फॅलन या वार्ताहराने या स्थलांतरावर लिहिलं. बीटनिकांना नवा आसरा मिळाला आहे असा त्याचा सूर होता आणि ब्लू युनिकॉर्न नावाचं कॉफीहाउस हे त्याचं केंद्र. या नव्या रहिवाशांसाठी त्याने ‘हिप्पी’ हा शब्द वापरला. शब्द त्याने घडवला नाही, हे आपण वर पाहिलंच. पण एका विशिष्ट वस्तीतल्या विशिष्ट पिढीचं नाव म्हणून तो इथून पुढे चालू लागला. हर्ब केनसारख्या स्तंभलेखकांनी तो घरोघरी पोचवला.

हाइटमधली माणसं स्वतःला काय म्हणत? बरेच जण ‘फ्रीक’ म्हणत, काही ‘हेड’. लोकांना फुकट जेवण वाटणारा, पैशाशिवाय जगता येईल का याचा प्रयोग करणारा गट स्वतःला ‘डिगर्स’ म्हणवत असे. ते नाव सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या, जमीन सर्वांची मानणाऱ्या गटावरून घेतलेलं. कोणी संगीतवाले, कोणी नाटकवाले. आतून पाहिलं तर हे अनेक गट होते, बाहेरून पाहणाऱ्याला ते एकच दिसले आणि एकच नाव मिळालं.

ही माणसं नेमकी काय मानत होती, हे विचारायला हवं, कारण ‘केस वाढवून गांजा ओढणारे’ एवढ्यावर अनेक जण थांबतात. युद्धानंतर जन्मलेली ही मोठी पिढी साठच्या दशकाच्या मध्याला अठरा-वीस वर्षांची झाली होती. बहुतेक मुलं गोऱ्या मध्यमवर्गीय घरांतली होती. समोर व्हिएतनामचं युद्ध होतं आणि सक्तीची लष्करभरती होती. वडिलांसारखी नोकरी, उपनगरातलं घर, दारात गाडी हा आखलेला मार्ग त्यांना नको होता. एकत्र राहणं, वस्तू वाटून घेणं, हाताने काही बनवणं, मोकळे लैंगिक संबंध, भारत आणि जपानकडचे धर्मविचार, आणि हो, एलएसडी हे भास निर्माण करणारं रसायन आणि गांजा. एलएसडी कॅलिफोर्नियात ६ ऑक्टोबर १९६६ पर्यंत कायदेशीर होतं हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्या दिवशी बंदी लागू झाली तेव्हा हाइटजवळच्या बागेत लोक मोठ्या संख्येने जमले होते.

राजकीय चळवळीतल्या तरुणांशी त्यांचं जमायचंच असं नाही. खाडीपलीकडच्या बर्कलीतले विद्यार्थी नेते सभा, मोर्चे, मागण्या या भाषेत बोलत. हाइटवाल्यांना आधी माणूस आतून बदलायला हवा होता. दोघांना एकत्र आणण्यासाठी १४ जानेवारी १९६७ ला गोल्डन गेट पार्कमध्ये ‘ह्यूमन बी-इन’ नावाचा मेळावा झाला. वीस-तीस हजार माणसं जमली, गिन्सबर्ग मंत्र म्हणत होते, आणि देशभरच्या छायाचित्रकारांना हवं ते सगळं एका मैदानात मिळालं. त्याच वर्षाच्या शेवटी ॲबी हॉफमन, जेरी रुबिन हे युद्धविरोधी कार्यकर्ते आणि त्यांचे सोबती यांनी ‘यिप्पी’ हे नाव काढलं. हे मात्र त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेलं, राजकीय हेतूने घडवलेलं नाव. ‘यप्पी’ हा आणखी पुढचा, ऐंशीच्या दशकातला, आणि अर्थाने अगदी उलट: शहरी, तरुण, भरपूर कमावणारा नोकरदार.

१९६७ च्या उन्हाळ्यात, सुट्ट्या लागल्यावर, पाऊण लाख ते एक लाख तरुण हाइटमध्ये आले असा अंदाज केला जातो. ‘टाइम’ साप्ताहिकाने जुलैमध्ये मुखपृष्ठावर हिप्पी छापले. त्या छोट्या वस्तीचं काय झालं असेल याची कल्पना करा. घरातून पळून आलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलं फुटपाथवर झोपत होती, रोगराई होती, वाईट माल विकणारे दलाल होते. डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी जूनमध्ये तिथे मोफत दवाखाना उघडला, कारण या मुलांना इतरत्र धड कोणी हात लावत नव्हतं. या काळाबद्दल लिहिताना मला केसांत फुलं माळलेल्या मुलांच्या चित्रांपेक्षा हा दवाखाना जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याकडच्या लेखांत तो जवळजवळ कधीच येत नाही.

मग ६ ऑक्टोबर १९६७, एलएसडीवरच्या बंदीला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, हाइटमधल्याच लोकांनी ‘हिप्पी’ची अंत्ययात्रा काढली. रस्त्यावरून शवपेटी नेली. मृत्यूची सूचना छापली आणि तीत मृताची ओळख ‘प्रसारमाध्यमांचा एकनिष्ठ पुत्र’ अशी दिली. हिप्पी गेला, आता ‘मुक्त माणूस’ म्हणा, असं त्यांचं सांगणं होतं. वस्तीचा मानबिंदू असलेलं सायकेडेलिक शॉप हे दुकान त्याच दिवशी बंद झालं. या शब्दाबद्दल एकच प्रसंग सांगायचा झाला तर मी हा सांगतो. ज्यांचं नाव होतं त्यांनीच ते पुरलं, आणि जगाने ऐकलं नाही. दोन वर्षांनी वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवाला चार लाखांवर माणसं जमली आणि शब्द कायमचा झाला. त्या मंचावर सुरुवातीला योगगुरू स्वामी सच्चिदानंद बोलले आणि पहिल्या रात्री पावसात रविशंकर वाजवत होते. नशेत संगीत ऐकणारे श्रोते रविशंकरांना मनापासून खटकत, आणि ते त्यांनी उघडपणे बोलून दाखवलं होतं.

आणखी एक गोष्ट, जी मला नोंदीत मावत नाही पण इथे लिहायलाच हवी. ज्या समाजाच्या बोलीतून हा शब्द वाढला, तो कृष्णवर्णीय समाज ‘हिप्पी’ म्हटल्यावर कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. त्यांच्यासाठी गरिबी ही निवड नव्हती, आणि पोलिसांशी गाठ पडणं हा अनुभव नवा नव्हता. शब्द प्रवासात आपले मूळ मालक मागे सोडतो, याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता आपल्याकडे. गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत उतरले, पुढे कोलकाता आणि काशीला राहिले. त्या भेटीला मराठीत काही जण ‘पहिला हिप्पी आला’ असं म्हणतात, ते कालविसंगत आहे. ते बीट कवी होते आणि हा शब्द तेव्हा त्या अर्थाने रुजायचा होता. मराठीत शब्द आला तो इंग्रजी वर्तमानपत्रांतून आणि सिनेमातून. १९६८ मध्ये बीटल्स ऋषीकेशला आले, १९७१ मध्ये काठमांडूच्या पार्श्वभूमीवरचा देव आनंदचा ‘हरे रामा हरे कृष्णा’ आला, आणि झिंगलेला, जपमाळ घातलेला हिप्पी घराघरात ओळखीचा झाला. मराठीत मग अर्थ आणखी आकसला. ‘हिप्पी कट’ म्हणजे कानांवर आलेले केस. ‘हिप्पी झालायस का?’ हा बापाने कॉलेजातल्या मुलाला विचारायचा प्रश्न. त्यात व्हिएतनाम नव्हतं, एकत्र राहणं नव्हतं, फक्त न्हाव्याकडे न गेल्याचा राग होता. म्हणून मराठीसाठी मी हा वेगळा, स्वतंत्र अर्थ म्हणून नोंदवतो. अमेरिकी अर्थाची ती बिघडलेली प्रत नाही.

राहिला गोव्याचा प्रश्न. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीजांकडून मुक्त झाला आणि साठच्या दशकाच्या मध्यापासून हे पाहुणे आधी कळंगुट-बागा, मग हणजूण, वागातोर, हरमल अशा किनाऱ्यांवर दिसू लागले. कोणी इस्तंबूल, तेहरान, हेरात, काबूल, पेशावर, लाहोर अशा खुष्कीच्या वाटेने दिल्लीत येई आणि हिवाळा काढायला गोव्याला उतरे. मुंबईहून पुष्कळ जण पणजीच्या बोटीने जात. ही बोट कोकणातल्या बंदरांना लागायची, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याच्या लोकांनीही ते पाहिले. उन्हाळा लागला की अनेक जण काठमांडूकडे सरकत. तिथे १९७३ पर्यंत गांजाची दुकानं कायदेशीर होती.

हे सगळे अमेरिकी नव्हते. ब्रिटिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, ऑस्ट्रेलियन असे कितीतरी होते, आणि हाइट-ॲशबरी त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेलंही नव्हतं. तेही स्वतःला ‘फ्रीक’ म्हणत. हिप्पी हे नाव गावकऱ्यांनी, पोलिसांनी आणि वर्तमानपत्रांनी दिलं. सगळे विशीतलेही नव्हते. हणजूणमध्ये ‘एट फिंगर एडी’ म्हणून प्रसिद्ध असलेला अमेरिकी १९२४ मध्ये जन्मलेला, म्हणजे गोव्यात आला तेव्हा चाळिशीचा होता. तो २०१० मध्ये गोव्यातच वारला. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या शेवटी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि खुष्कीची वाट बंद पडली. त्यानंतर गोव्यात आलेले बहुतेक विमानाने, ठरावीक सुट्टीवर आलेले. त्यांना हिप्पी म्हणणं मी टाळतो.

पुण्यातल्या कोरेगाव पार्कात १९७४ पासून भगव्या कपड्यांत दिसणाऱ्या रजनीशांच्या शिष्यांनाही पुणेकर सरसकट हिप्पी म्हणत. त्यांतले काही त्याच खुष्कीच्या वाटेने आलेले होते हे खरं. पण त्यांनी दीक्षा घेतलेली होती, गुरूने दिलेलं नवं नाव आणि गळ्यात गुरूच्या छायाचित्राची माळ होती, आश्रमाची शिस्त होती. त्यांच्यासाठी ‘संन्यासी’ हाच शब्द वापरावा. तो त्यांनी स्वतः घेतलेला आहे.